मावशीच्या ओव्यांची फीत

माझ्या पुतणीला गाणे कळते आणि मला कळत नाही, या मुद्द्यावर आमच्या घरात पूर्ण एकमत आहे. ती पुण्याला आपल्या खोलीत बसून स्वतः गाणी रचते, स्वतः चाल लावते, मांडीवर गिटार घेऊन स्वतः गाते आणि टेबलावरच्या लहानशा यंत्रावर ते सारे स्वतःच मुद्रित करते. ना वाद्यवृंद, ना काचबंद स्टुडिओ, ना कुठली कंपनी. खिडकी उघडी असते. मध्येच कुकरची शिट्टी होते, खाली भाजीवाला ओरडून जातो, तारेवरून बोट घसरल्याचा आवाज येतो. आणि हे सगळे ती गाण्यात तसेच राहू देते. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी भाबडेपणाने म्हणालो, "अगं, दार तरी लावून घ्यायचंस!"

"काका, याला लो-फाय म्हणतात," ती म्हणाली. "गाणारं माणूस आपल्या शेजारी बसून आपल्यापुरतं गातंय असं वाटलं पाहिजे. दार लावलं की ते स्टेजवर जाऊन बसतं."

मग तिने माझे अज्ञान दूर करण्यासाठी मला एक हकिगत सांगितली. अमेरिकेतला ब्रूस स्प्रिंगस्टीन हा मोठा नामांकित गायक. १९८२ साली त्याने राहत्या घरी चार पट्ट्यांच्या कॅसेटयंत्रावर काही गाणी कच्ची म्हणून मुद्रित केली. पुढे साथीदारांना घेऊन तीच गाणी स्टुडिओत पुन्हा करून पाहिली. पण कच्च्या गाण्यातला जीव पक्क्यात काही येईना. शेवटी ती घरची कॅसेटच 'नेब्रास्का' या नावाने बाजारात आली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली.

हे ऐकता ऐकता माझ्या मनात काहीतरी हलले. मी म्हणालो, "अशी एक कॅसेट माझ्याकडेही आहे."

पुतणी हसली. काकाकडे कॅसेट असणार ती नाट्यगीतांची, असा तिचा समज. पण ती कॅसेट निराळी होती, आणि ती मी सदतीस-अडतीस वर्षे ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिली होती, त्याला कारण होते. ते कारण सांगायचे म्हणजे मला १९८७ सालच्या दिवाळीत जावे लागेल.

मी तेव्हा सोलापूरला नोकरीला नुकताच लागलो होतो. पहिला बोनस हाती आला आणि मी आयुष्यातली पहिली चैन केली : टेपरेकॉर्डर घेतला. नवा टेपरेकॉर्डर घेतलेल्या माणसाला जे दिसेल ते मुद्रित करावेसे वाटते. मी आमच्या मालकांचे खोकणे मुद्रित केले, रेल्वेची शिट्टी मुद्रित केली, आणि भाऊबिजेच्या सुमारास तो टेपरेकॉर्डर पिशवीत घालून एस. टी.ने नळदुर्गाच्या वाटेने मावशीकडे गेलो.

मावशीचे गाव तेरणा नदीच्या खोऱ्यात, आजच्या लोहारा तालुक्यात. जिल्ह्याला तेव्हा उस्मानाबाद म्हणत. २०२३ मध्ये त्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले, पण मावशीच्या तोंडी ते आधीपासून धाराशिवच होते. घर माळवदाचे. दगडमातीच्या दोन-दोन हात रुंदीच्या भिंती, वर लाकडी छत आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. त्या भिंतींचे आम्हां मुलांना मोठे कौतुक वाटे.

घरात मावशी आणि तिची धाकटी जाऊ. गावात पिठाची गिरणी येऊन बरीच वर्षे झाली होती, जोंधळ्याचे दळण डोक्यावरून गिरणीलाच जाई. पण डाळ भरडायला, सणाचे थोडे काही दळायला आणि लग्नाच्या हळदीला दोघी अजून जात्यावर बसत. आणि बसल्या की ओव्या आल्याच.

मी हौसेने म्हणालो, "मावशी, तुम्ही दोघी ओव्या म्हणा, मी भरून घेतो." चटई टाकली, यंत्र मध्ये ठेवले. दोघी पदर सावरून बसल्या, एकमेकींकडे पाहिले आणि खुदकन हसल्या. एक ओळ निघेना.

"लेकरा, हात फिरल्याबिगर व्हय तोंड फिरतंय?" मावशी म्हणाली.

हा तिचा बहाणा नव्हता, हे मला पुष्कळ उशिरा कळले. जात्याची ओवी ही बसून म्हणायची कविता नव्हे. जात्याची खालची तळी स्थिर, वरची फिरते. खुंट्याला दोघींचा एकेक हात. दुसऱ्या हाताने एकजण जात्याच्या तोंडात मूठमूठ वैरण घालते. फेऱ्याला लय येते, लयीला श्वास जुळतो आणि श्वासावर शब्द चढतो. एकीने पहिली ओळ टाकायची. दुसरीने ती उचलायची, घोळवायची आणि पुढची ओळ जोडायची. हात थांबला की शब्द थांबतो. गायनशास्त्रात तंबोऱ्याला जे स्थान, ते इथे दगडाच्या घरघरीला.

तर मी हिरमुसलो आणि माझ्या हातून एक लबाडी घडली. दुसऱ्या दिवशी पहाटे कोंबड्याच्या आधी दोघी उठल्या आणि जात्यावर बसल्या. मी ओसरीवर पडून होतो. हळूच उठलो, टेपरेकॉर्डर कणगीच्या मागे ठेवला, कळ दाबली आणि पुन्हा पांघरूण घेऊन झोपेचे सोंग घेतले.

सुरुवातीला देव आले. जात्याला नमस्कार झाला, तुळजापूरची आई झाली, पंढरीचा झाला. मग भाऊ आला, माहेर आले. आणि मग त्या दोघींच्या ओव्या निराळ्याच वाटेला लागल्या. त्यात आमच्याच घराण्यातल्या एका माणसाविषयीचे गाऱ्हाणे होते. एका गेलेल्या लेकराचे नाव होते, जे त्या घरात दिवसा उजेडी कोणी उच्चारत नसे. मावशी एक ओळ टाकी, जाऊ ती उचली. जणू एकीने पदराची गाठ सोडायची आणि दुसरीने आतले नाणे मोजून पुन्हा बांधायचे. पांघरुणाखाली माझे कान तापले. उठून यंत्र बंद करावे असे वाटले, पण उठलो तर चोरी उघडी पडणार. मी पडून राहिलो. अर्ध्या तासाने फितीची बाजू संपली आणि खट्‌ आवाज होऊन यंत्र आपोआप बंद पडले. दोघी गातच होत्या.

त्या दिवशी मी ती कॅसेट खिशात घालून परत आलो, आणि कोणाला ऐकवली नाही.

आता थोडे शास्त्र. ओवी जुनी म्हणजे किती जुनी? चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ केला. त्यात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. या राजाची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण. आमच्या उमरग्याहून सीमा ओलांडली की तासाभराची वाट. तेव्हा राजाने ही ओवी फार लांब जाऊन ऐकली नसेल, असे मानायला मला आवडते. पुढे गंगाखेडच्या जनाबाईबरोबर प्रत्यक्ष विठ्ठल दळायला बसला, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या कथेचा मला आता निराळा अर्थ लागतो. जनाबाईला जाते ओढायला मदत तर हवीच होती. पण ओळ उचलणारा कोणी समोर हवा होता.

साने गुरुजींनी खेडोपाडीच्या ओव्या जमवून 'स्त्री जीवन' सिद्ध केले. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याचे खंडच्या खंड काढले. पण छापलेल्या ओवीला आवाज नसतो आणि बहुधा नावही नसते. खाली 'लोकगीत' एवढेच लिहिले जाते, जणू ते गाणे झाडाला लागले होते. हा अन्याय दूर करण्याचे मोठे काम पुण्याच्या हेमा रायरकर आणि मूळचे फ्रान्सचे पण इथलेच झालेले गी पॉइटवाँ या दोघांनी केले. १९८० नंतरच्या काळात त्यांनी आणि त्यांच्या कार्यकर्त्या बायांनी हजाराहून अधिक गावांतून लाखाच्या वर ओव्या उतरवून घेतल्या, आणि ओवीबरोबर गाणारीचे नाव व गावही नोंदवले. १९९० नंतर बर्नार्ड बेल हे संगीताचे अभ्यासक त्यांना येऊन मिळाले आणि शंभर तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झाले. पॉइटवाँ २००४ मध्ये गेले, रायरकर २०१० मध्ये गेल्या. तो ठेवा आता 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात संकेतस्थळावर कोणालाही ऐकता येतो. ऐकून पाहावा. मागे कोंबडे आरवतात, पोरे रडतात, बांगड्या किणकिणतात. माझ्या पुतणीच्या भाषेत बोलायचे तर सगळे लो-फाय. आणि गाणारी अगदी शेजारी बसलेली.

हे सगळे मला ठाऊक झाले ते अलीकडे. माझी कॅसेट मात्र ट्रंकेत पडून होती. कारण १९८७ नंतर १९९३ आले.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले. लोक उशिरा झोपलेले. पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली. किल्लारीचे नाव जगभर झाले; पण तेरणेच्या खोऱ्यात सास्तूरसारखी धाराशिव जिल्ह्यातली गावेही त्याच झटक्यात खाली बसली. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. ज्या भिंतींचे आणि माळवदांचे आम्हांला कौतुक होते, त्यांनीच घात केला. भिंती दगडांच्या, पण दगड बांधलेले मातीत. वर मातीचे टनावारी ओझे. हादरा बसताच भिंती फाकल्या आणि छत झोपलेल्यांवर आले. बाहेर अंगणात झोपलेले वाचले.

मावशी अंगणात होती. जाऊ आत होती.

मी चौथ्या दिवशी पोहोचलो. त्याविषयी लिहीत नाही. एवढेच सांगतो की, ती वेळ जात्यावर बसण्याची होती.

पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. मावशीलाही नव्या गावठाणात सिमेंटचे घर मिळाले. सरळ रस्ते, आखीव घरे. मी जाई-येई. पण मावशी पुन्हा कधी ओवी म्हणाली नाही. लोक म्हणत, गिरणीने ओवी मारली. ते खरेच आहे. पण मावशीची ओवी गिरणीने मारली नव्हती. खुंट्याचा दुसरा हात गेला होता. आणि माझ्या ट्रंकेत तो हात आणि तो आवाज अर्धा तास भरून पडला होता. मला ते सांगण्याचे धैर्य नव्हते. आधी चोरी कबूल करावी लागली असती. शिवाय जखमेवरची खपली काढणारा मी कोण, अशी एक सोयीची समजूतही मी करून घेतली होती.

पुतणीने हे सारे ऐकून घेतले आणि हात पुढे केला. "कॅसेट दे."

फीत चिकटली होती. तिने खोक्याचे स्क्रू काढले, फीत नव्या खोक्यात घातली, जुन्या बाजारातून एक यंत्र आणले, त्याचे डोके कापसाने पुसले आणि एका रात्रीत ती अर्ध्या तासाची ठेव संगणकावर उतरवली. मी ऐकले. सगळीकडे घरघर. मी म्हणालो, "आता हा खरखराट काढून टाक म्हणजे आवाज स्वच्छ येतील."

"काढता येईल," ती म्हणाली, "पण यंत्राला फितीची खरखर आणि जात्याची घरघर यांतला फरक कळत नाही. खरखर काढायला गेले तर जातंही जाईल. काका, हे राहू दे."

मी राहू दिले. तो तिचा सल्ला किती मोलाचा होता, ते मला पुढे कळायचे होते.

यंदा संक्रांतीनंतर मी मोबाइलमध्ये ती ओवी घेऊन गावी गेलो. मावशी आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. डोळ्यांना कमी दिसते, कान शाबूत आहेत. अंगणात तुळशीपाशी जुने जाते ठेवले होते. ढिगाऱ्यातून दोन्ही तळ्या सापडल्या होत्या; लाकडी खुंटा मात्र गेलेला. सुनेने त्यावर झेंडूची कुंडी ठेवली होती.

"हे जातं तेच का गं?" मी विचारले.

"तेच की. दगडाला काय व्हतंय? मानसं गेली, दगड ऱ्हायला."

मी तिच्या शेजारी बसलो. म्हणालो, "मावशी, तुला एक ऐकवायचंय. नको वाटलं तर बंद कर म्हण." आणि मोबाइल तिच्या कानाशी धरला.

पहिल्यांदा नुसती घरघर आली. मावशीने मान तिरपी केली. फेऱ्याफेऱ्याला एक बारीक ठक्‌ असा आवाज त्या घरघरीत येत होता. माझे त्याच्याकडे कधी लक्षही गेले नव्हते. मावशीचे गेले. "ह्यो आपलाच हाय," ती म्हणाली. "वरची तळी एका अंगाला झिजल्याली. टाकी लावून घ्यायची ऱ्हायली ती ऱ्हायलीच." माणसाच्या आधी तिने दगड ओळखला. पुतणीने घरघर काढली असती तर मी काय ऐकवले असते?

मग जावेचा आवाज आला.

मावशी काही बोलली नाही. डोळे मिटले. थोड्या वेळाने पाहतो तो तिचा उजवा हात मांडीवर हळूहळू गोल फिरू लागला होता. सून दारात येऊन उभी राहिली. नातू शाळेतून आला तो दप्तर न काढता तसाच बसला. देव झाले, माहेर झाले, आणि ते दुसरे सुरू झाले. मी अस्वस्थ होऊन सुनेकडे पाहिले. मावशीने डोळे न उघडताच हाताने खूण केली, असू दे.

फितीच्या शेवटी मावशीने पहिली ओळ टाकलेली आहे आणि जाऊ ती उचलणार, तोच खट्‌ आवाज होतो. तिथे मुद्रण संपते. मी मोबाइल खाली घेतला. अंगणात शांतता झाली. आणि मग मावशीने ती राहिलेली ओळ म्हटली. जावेची ओळ. आवाज थकलेला, कापरा, पण सूर जागचा हलला नाही. आयुष्यभर ती पहिली ओळ टाकीत आली होती; दुसरी ओळ तिच्या तोंडून मी तेव्हाच ऐकली.

मला राहवले नाही. मी म्हणालो, "मावशी, त्या दिवशी मी तुम्हांला न विचारता, चोरून…"

"ठाव हाय मला," मावशी म्हणाली. "कनगीमागं तांबडा दिवा दिसत व्हता की. तिनंच दावला मला. मी थांबाय लागले, तर ती म्हनली, असू द्या बाई. कुनीतरी आयकू द्या."

वाचकहो, अडतीस वर्षे मी ज्या गोष्टीला चोरी समजून लपवत होतो, ती मला दिलेली होती. ती बाई जाणूनबुजून गात होती. घरात ज्याला तोंड नव्हते ते तिने एका पोरसवदा भाच्याच्या यंत्रात विश्वासाने ठेवले होते. आणि मी शरमेने तिला ट्रंकेत कोंडून ठेवले. ती जिवंत असताना सहा वर्षे मला हे विचारता आले असते. मी विचारले नाही. त्या लबाडीपेक्षा ही चूक मोठी.

निघताना मी म्हणालो, "मावशी, दिवाळी अंकात लेख लिहावा म्हणतो. या ओव्या त्यात छापू का? तुम्हां दोघींच्या नावानं?"

तिने थोडा विचार केला. "नगं. आयकायचं तर आयक, पोरीला आयकीव. कागदावर नगं घालू. ज्यांचं गाऱ्हानं हाय त्येंची लेकरं, नातवंडं हायेत गावात. चांगली हायेत ती. आमाला हितंच ऱ्हायचंय."

म्हणून ओव्यांवरच्या या लेखात एकही ओवी नाही, आणि दोघींची नावेही नाहीत. नाव नोंदवणे हा गाणारीचा मान, हे मला पटते. पण नाव झाकणे हाही तिचाच अधिकार आहे, आणि गाणे जितके जवळचे तितका तो मोठा. आपल्या घरीही एखादी आजी, मावशी असेल. तिला जात्यापाशी बसवा, जाते नसेल तर सूप हाती द्या, आणि यंत्र लपवू नका, समोर ठेवा. ती नको म्हणाली तर तेही ऐका.

ती अर्ध्या तासाची ठेव आता दोन ठिकाणी आहे. माझ्याकडे आणि मावशीच्या सुनेच्या मोबाइलमध्ये. सून सांगत होती की, संध्याकाळी दिवा लागला की आत्याबाई स्वतःच मागतात. पुतणीनेही ती ऐकली आहे. शेवटच्या खट्‌पाशी तिने मला विचारले, "काका, पुढची ओळ काय होती?"

"ती मला सांगता यायची नाही. मावशीकडे जाऊन ऐक."

या भाऊबिजेला ती माझ्याबरोबर येणार आहे. गिटार घरी ठेवायचे ठरले आहे. मावशीचा निरोप आला आहे की, येताना उमरग्याच्या बाजारात लाकडाचा एक खुंटा मिळतो का बघा, आणि जात्याला टाकी लावणारा पाथरवट कुठे असेल तर त्याला संगेच घेऊन या.